सहा परसांवरचा दगड

मार्च सरत आला की आमच्या भागात गहू निघून गेलेला असतो, हरभऱ्याचं भुसकट खळ्यावर पडून असतं आणि मोकळ्या शिवारातून कॉम्प्रेसरचा आवाज यायला लागतो. ट्रॅक्टरला जोडलेला कॉम्प्रेसर, त्याची लांबलचक नळी, नळीच्या टोकाला खडकात भोक पाडणारं यंत्र आणि त्या यंत्रावर अख्ख्या अंगाचा भार देऊन उभा असलेला माणूस. दुसरीकडे ऋतू बदलल्याचं झाडं सांगत असतील, आमच्याकडे हा आवाज सांगतो. विहिरी खोदायचे दिवस आले.

परवा परभणीहून बोरीला जाताना झरीच्या अलीकडे तो कानावर आला. बसच्या खिडकीची काच सरकवली, थोडा वेळ ऐकला, काच परत लावली. वाटलं होतं, आज तरी काहीतरी होईल. काही झालं नाही. शेजारची बाई म्हणाली, धूळ यायलीय, बरं केलं लावली ते.

माझे वडील विहिरी खोदत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. जिंतूर तालुक्यात आणि आसपास त्यांच्या हातच्या किती विहिरी असतील हे त्यांनाच ठाऊक होतं, आणि त्यांना प्रत्येक ठाऊक होती. मी खडकांचं रसायनशास्त्र शिकले. म्हणजे अण्णा ज्याला सुरुंग लावायचे त्याची मी पूड करते. तीन वर्षांपूर्वी, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मी त्यांना एका दगडावरून म्हटलं की तुम्ही चुकलात. पाऊस लागायच्या आत ते गेले. ते चुकले नव्हते, चुकले मी होते, हे मला या उन्हाळ्यात कळलं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे: आपण चुकलो असं समजूनच ते गेले का?

परभणी जिल्हा सपाट. घाटाकडच्या लोकांना डोंगराच्या कड्यात लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आयते दिसतात. आमच्याकडे खडक बघायचा तर जमिनीच्या पोटात उतरावं लागतं, म्हणजे विहिरीत. वरती काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे बारीक भोकांचा, भोकांत पांढरे खडे भरलेला ठिसूळ दगड. त्याच्याखाली काळा पाषाण, घणाला दाद न देणारा. आणि कुठंकुठं दोन पाषाणांच्या मधे हातभर जाडीची लाल माती. तिला अण्णा गेरू म्हणायचे. आमच्या पुस्तकात या सगळ्याला लांबलचक नावं आहेत. ती नावं पाठ करताना मला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण वस्तू घरातल्याच होत्या.

गेरू म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ. एक लाव्हा आला, थंड झाला, त्याच्यावर उन्हं-पावसाळे गेले, माती झाली, मग तिच्यावर दुसरा आला आणि ती भाजून निघाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. माझं काम एवढंच होतं की वरचा पाषाण आणि खालचा पाषाण आले कुठून, वाटेत कुठं थांबले, हे शोधायचं. खोलातून निघालेला रस सरळ वर येत नाही. वाटेत जुन्या कवचाखाली अडकतो, तिथला जुना खडक वितळवून पोटात घेतो आणि मग वर येतो. माणूस बोलायला लागला की त्याचे दिवस कुठं गेलेत ते कळतं, तसं दगडाचं. ज्याचा मुक्काम लांबला त्यात बेरियम जास्त सापडतं, शिशाचं आणि स्ट्रॉन्शियमचं प्रमाण वेगळं लागतं. डोळ्यांना दोन्ही दगड सारखेच काळे. आमच्या भागात खालच्या थराचा मुक्काम लांबलेला होता, वरचा त्या मानानं सरळ आलेला. हे मीच शोधलं. लिहिताना त्यातलं काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा वाटलं होतं.

हे शोधायला दगड लागतात, आणि दगड किती खोलीवरून आला ते पक्कं ठाऊक असावं लागतं. जुन्या विहिरी बांधलेल्या, नाहीतर पाण्यानं भरलेल्या. पण आमच्या घरी लिंबाच्या बुडाशी गोल रांगेनं दगड मांडलेले होते. अण्णांची सवय होती. ज्या दगडाच्या फटीतून पाणी पहिल्यांदा यायचं, त्याचा एक तुकडा ते घरी आणायचे. पाण्याचा दगड म्हणायचे. मालक वर नारळ फोडायचा, यांना टॉवेल-टोपी द्यायचा, कधी पुरणाचं जेवण घालायचा. अण्णा टॉवेल घ्यायचे, पेढा घ्यायचे, कुंकवाला हात जोडून नको म्हणायचे आणि दगड पिशवीत टाकायचे. आजोबाही विहिरी खोदायचे. त्यांच्या काळात पाणी लागलं की त्याच विहिरीचं पाणी त्यांना दुसऱ्यानं वरून ओंजळीत वाढावं लागायचं. हे अण्णा एकदाच बोलले होते, तेही दगड का आणता असं मी विचारल्यावर. 

त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून महिनाभरासाठी बोरीला आले ती त्या दगडांसाठीच. हे मी कुणापासून लपवलं नाही, पण वडील आजारी म्हणून पोरगी आली असं सगळ्यांनी धरलं, आणि मीही ते खोडलं नाही. अण्णांना दम होता. एवढी वर्षं धूळ छातीत गेलेली. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून दाखवली, तेव्हा मला त्यातला पांढुरका भाग मांजऱ्यासारखा दिसला, आणि मी तसं म्हणालेही. डॉक्टरांना कळलं नाही. अण्णा मात्र हसले होते.

सकाळी उन्हं चढायच्या आत मी हातोडी घेऊन बसायचे. हातातली अंगठी काढून ठेवायची, बांगड्या काढायच्या, कारण सोन्याचा एक कण पुडीत गेला तरी मोजमाप बिघडतं. अण्णा बाजेवर उशाला दोन उशा लावून टेकलेले असायचे. मी दगड उचलायचा आणि विचारायचं.

"हा?"

"बोरी. गावाच्या उगवतीचा मळा. चार परस. पानी आडवं आलं, अंगठ्याएवढं."

"आणि हा?"

"त्यो येलदरीकडला. पाच परस. मांजऱ्या लय होता त्येच्यात."

"हा काळा?"

"झरी. सहा परस. लय कडक पाषान. चार दिस बार उडवले तवा फुटला. पानी आलं तशी मालकीनबाई काठावर बसून रडायलती."

परस हे विहिरीच्या खोलीचं जुनं माप. लहानपणापासून कानावर होतं. पण मी विहिरीत कधी उतरले नव्हते, बार उडतो तिथं पोरींनी यायचं नाही असा अण्णांचा दंडक होता. मग मी शिकल्यासवरल्या माणसासारखं केलं. जुन्या मापांच्या एका छापील तक्त्यात बघितलं. तिथं लिहिलं होतं, परस म्हणजे पुरुषभर, सहा फूट. मी प्रत्येक आकड्याला सहानं गुणलं. विचारायचा माणूस दोन हातांवर बसलेला होता.

दगड फोडताना अण्णा दर वेळी मान वळवायचे.

"फोडायलीस व्हय?"

"आतला ताजा भाग लागतो अण्णा. वरचा उन्हापावसानं बदललेला असतो."

"आर्धा ठिव मग."

मी अर्धा ठेवायचे. फोडलेला भाग वर येईल अशा बेतानं अण्णा तो पुन्हा रांगेत लावायला सांगायचे. माय भाकरी थापताना आतून ओरडायची की बापलेकीला दगडाशिवाय काही सुचत नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ते सकाळचे दोन तास मला आठवतात, लिंबाचा मोहोर दगडांवर पडायचा, तो फुंकून काढावा लागायचा. आठवतात म्हणजे चित्र दिसतं. त्याच्यासोबत जे यायला पाहिजे ते येत नाही.

पुण्याला प्रयोगशाळेत त्या तुकड्यांची मैद्याइतकी बारीक पूड केली. ती तीव्र आम्लात विरघळवायची, वाळवायची, पुन्हा विरघळवायची. दगडाचं पाणी व्हायला दिवसचे दिवस जातात. मग ते पाणी यंत्रात सोडायचं. आकडे आले ते छान आले. चार परसांचे, पाच परसांचे, सगळे जिथं असायला पाहिजेत तिथं. फक्त झरीचा दगड बसेना. त्या विहिरीच्या शेजारी एक कोरडी विहीर होती, तिच्यात टेप सोडून मी गेरू मोजला होता, अडतीस फुटांवर. अण्णांचे सहा परस म्हणजे छत्तीस फूट. म्हणजे दगड गेरूच्या वरचा, वरच्या थरातला. पण आकडे ओरडून सांगत होते की हा खालचा आहे. दोनदा तपासलं. मग माझ्या गाईडना विचारलं. ते म्हणाले, नमुना कुणी गोळा केलाय? मी म्हटलं, वडिलांनी, बऱ्याच वर्षांपूर्वी. त्यांनी असल्या नमुन्याचा काय भरवसा, अशी मान हलवली. ती मान मला पटली.

मे महिन्यात मी पुन्हा बोरीला आले तेव्हा अण्णा खूप वाळले होते. बोलताना मधे थांबावं लागायचं. मी बाजेच्या काठावर बसले, पिशवीतून कागद काढले आणि त्यांना सांगितलं. दुसरं बोलायला काय हरकत होती, जेवलात का, झोप लागते का. मी कागद काढले.

"अण्णा, हा दगड झरीचा न्हाई."

"झरीचाच हाय."

"अदलाबदल झाली असंल तुमच्याकडून. सहा परसावर हा दगड असूच शकत न्हाई. मशीनमधी आलंय."

त्यांनी तो अर्धा दगड मागितला. मी आणून दिला. टॉवेलनं पुसला, वळवून बघितला, फोडलेल्या बाजूवर अंगठा फिरवला. बराच वेळ.

"मशीन म्हनायलीय?"

"व्हय."

"मंग आसंल. चुकलो आसंल." आणि दगड परत देताना, "लय नुस्कान झालं का तुजं?"

"न्हाई. एकच दगड हाय."

मला हलकं वाटलं होतं, हे मला आठवतं. तक्ता आता सरळ होणार होता. प्रबंधात त्या दगडापुढं मी 'स्थान अनिश्चित' असे दोन शब्द लिहिले आणि आलेखातून तो काढून टाकला.

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते, दुपारी. खात्रीसाठी पुन्हा घेतलेली येलदरीच्या दगडाची पूड आम्लात गरम होत होती. मी आधी शेगडी बंद केली, डब्यांना झाकणं लावली, प्रत्येकावर तारीख आणि क्रमांक लिहिला, हातमोजे काढले, हात धुतले आणि मग मायला परत फोन केला. बसमध्ये सबंध वाटभर मी झाकणं नीट लागली असतील का याचा विचार करत होते. घरी पोचले तर अंगणात पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, तिसरण-पंचशील चाललेलं. मीही हात जोडून म्हटलं, एकही शब्द चुकला नाही. बाया माझ्याकडे बघत होत्या. एकीनं पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, रड गं माय, मोकळी हो. मी तिला पाणी हवंय का विचारलं.

लहानपणी लांबून का होईना बार उडालेला ऐकला की थोडा वेळ कान बधिर व्हायचे. माणसांचे ओठ हलताना दिसायचे आणि आवाज यायचा नाही. ते जायचं. हे गेलं नाही. जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघाले. प्रबंध झाला, पदवी मिळाली, परभणीला कॉलेजात नोकरी लागली. लोक म्हणतात, वडील असते तर किती आनंद झाला असता. मी हो म्हणते. वर्गात पोरांना मी बेसॉल्ट शिकवते, त्यांना आवडतं, मला पगार मिळतो. दर रविवारी बोरीला जाते, मायजवळ जेवते, लिंबाखालचे दगड झाडून ठेवते. तीन वर्षं मी हे सगळं वेळच्या वेळी केलं. कुणाला तक्रार करायला जागा दिली नाही.

या वर्षी बोरीच्या शिवारात नवी विहीर खोदायला काढली. काम शेषरावमामांकडे. हे मायचे चुलतभाऊ, अण्णांबरोबर पंचवीस वर्षं विहिरीत उतरलेले. ताजे दगड मिळतील म्हणून मी गेले. आता मला कुणी अडवणारं नाही, डोक्यावर टोपी घालून क्रेनच्या पाळण्यातून खाली सोडतात. बार उडालेला होता, धूर बसलेला होता, फोडलेला माल वर गेला होता. मामा तळाशी भिंतीला पाठ लावून उभे राहिले, टाचा खडकाला टेकवल्या आणि उजवा हात सरळ वर केला, बोटं ताणून. बोटांच्या टोकाशी मागच्या परसाच्या वेळी गेरूच्या खड्यानं ओढलेली रेघ होती. तिला बोटं लागली.

"तिसरा परस पुरा झाला रे," ते वर ओरडले. मग पायाशी नवी रेघ ओढली.

मी टेप काढला. मामा उंच आहेत. रेघेपासून रेघेपर्यंत सात फूट तीन इंच भरलं. पुन्हा मोजलं.

"मामा, परस म्हंजी सहा फूट ना?"

"कोनी सांगितलं?"

"लिहिलंय. पुस्तकात."

"पुस्तकवाला उतरला व्हता का इहिरीत? परस म्हंजी मानूस. हात वर केल्याला मानूस. जो खाली उतरला त्येचा परस."

"अण्णांचा?"

"दाजीचा दाजीएवढा. दाजी बुटके, माज्यापरीस कमी भरायचा. आमी हसायचो, म्हनायचो दाजी, तुमची धा परसाची इहीर आमची नऊचीच हाय. कामून इच्यारायलीस?"

मी काही नाही म्हटलं. वर आले. त्या दिवशी दगड घ्यायचे राहून गेले.

संध्याकाळी मायच्या ओट्यावर बसून कागदावर मांडलं. सोपं होतं, शाळेतल्या पोराला येईल इतकं. झरीचा दगड खालच्या थरातला आहे, यंत्रानं ते कधीच चुकीचं सांगितलं नव्हतं. गेरू अडतीस फुटांवर. म्हणजे अण्णांचे सहा परस अडतीस फुटांहून जास्त, म्हणजे एक परस सहा फूट चार इंचांहून जास्त. येलदरीकडचा पाच परसांचा दगड वरच्या थरातला निघाला होता, आणि तिथल्या कोरड्या विहिरीत मी मोजलेला गेरू साडेचौतीस फुटांवर. म्हणजे एक परस सहा फूट अकरा इंचांहून कमी. अण्णा पाच फूट दोन इंच, दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं आहे. अशा माणसानं हात वर केला तर बोटं याच मापात पोचतात. झरीचा दगड झरीचाच होता. सहा परसांवरचाच होता. पृथ्वीच्या पोटातून रस कसा वर आला ते शोधायला मी एवढी उठाठेव केली, आणि त्या आकड्यांतून निघालं काय तर माझ्या वडिलांचा हात कुठवर पोचायचा.

वाटलं, आता तरी रडू येईल. बसून राहिले. लिंबावर साळुंक्या आल्या, भांडल्या, गेल्या. आलं नाही.

प्रबंधावरून निघालेल्या लेखाला दुरुस्ती पाठवली. 'स्थान अनिश्चित' काढा, परस या मापाचा अर्थ असा असा. चार ओळी. ते छापतील. त्यानं अण्णांचं काय होणार होतं?

म्हणून परवाच्या रविवारी मायला विचारलं. ती लसूण सोलत होती.

"माय, अण्णा शेवटी त्या दगडाचं काही बोलले का? झरीच्या?"

"कोनत्या? ज्येची तू चूक काढली त्यो?"

मी मान हलवली.

"बोलले का म्हनून काय इच्यारतीस. दुसरं बोलतच नव्हते. दम लागलेला, दोन पावलं चालवत न्हाई, अन् शेषरावला गाडी काढायला लावायचे. स्टँडवरच्या गफूरभाईच्या हाटेलात जाऊन बसायचे. येईल त्याला सांगायचे."

"काय सांगायचे?"

"म्हनायचे, माज्या पोरीनं माजी चूक धरली."

मी लसणाची पाकळी हातात घेतली होती, ती तशीच राहिली. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. हो. तसं समजूनच गेले.

"अण्णा चुकले नव्हते माय. मी चुकले."

तिनं वर बघितलं. "ते मला काय कळतंय," ती म्हणाली. "हाटेलात सांग. तितं समद्यांला तेच ठाव हाय."

म्हणून गेले. बोरीच्या स्टँडवर गफूरचाचांचं हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि भिंतीला टांगलेला टीव्ही, त्यावर कसलीशी मॅच चालू. बाया तिथं बसत नाहीत, मीही कधी बसले नव्हते. गफूरचाचा अण्णांच्याच वयाचे. त्यांनी बाकावर फडकं मारलं, "किसनभाईची लेक आली," म्हणून दोघा-चौघांना सरकवलं, चहा टाकला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. परस काय, फूट काय, गेरू कुठं, सगळं. वर्गात सांगते तसं, एकही पायरी न गाळता. माणसं बघत राहिली. शेवटी म्हटलं, "म्हणजे अण्णा बराबर होते चाचा. चूक माझी होती. तुम्ही सगळ्यांनी हे लक्षात ठेवा."

 चाचांनी चहा गाळला, माझ्यापुढं ठेवला.

"तू बस पहिले," ते म्हणाले. मी बसले.

"बेटी, तुजा बाप हितं या बाकड्यावर बसायचा. श्वास पुरत न्हवता त्याला. एक बात सांगायला दोनदा थांबायचा. पन रोज सांगायचा. म्हनायचा, गफूर, चाळीस साल पाषान फोडला, कुनी म्हनलं न्हाई किसन तू चुकला. कुनाला ते कळतच न्हवतं ना. आता माज्या घरात मानूस तयार झालं चूक काढनारं. खुशीनं सांगायचा. चहा पाजायचा समद्यांला."

"पण ती चूक नव्हतीच चाचा."

"आसंल. तू शिकलेली, तुजंच खरं आसंल." ते भट्टीकडे वळले, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "पन सारी जिंदगी त्यानं एकच गलती सांगितली आमाला, अन् लय शौकनं सांगितली. तीबी वापस न्यायला आलीस का?"

मला म्हणायचं होतं की प्रश्न खरंखोट्याचा आहे, नोंद बरोबर असली पाहिजे.  पुढ्यातला कप बाजूला सारला. मग बोरीच्या स्टँडवर, बाप्यांच्या मधे, दोन्ही हातांनी तोंड झाकून मी रडायला लागले, आणि ते मला थांबवता येईना. बाकावरची माणसं मान वळवून रस्त्याकडे बघू लागली. गफूरचाचांनी हात लांबवून टीव्हीचा आवाज मोठा केला.